अडचण ‘येते’, मग इंग्रजीत ती ‘केम’ का होत नाही?

ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर तुमच्यापैकी अनेकींच्या चांगलाच लक्षात असेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी झाली. त्या वर्षी ते ५७ फुटांच्याही वर गेलं. माझं माहेर सांगलीचं. वहिनी तळमजल्यावर शिवणकाम करतात. दोन शिलाई मशीन, एक पिको-फॉलचं, गिऱ्हाइकांच्या कापडाचं एक कपाट, एवढा त्यांचा संसारातला संसार. २००५ च्या पुरात पाणी दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं. तेव्हा यंदाही फार तर तेवढंच येईल, असा सगळ्यांचा हिशेब. तो हिशेब चुकला आणि तीनही मशीन पाण्याखाली गेली.

पाणी उतरल्यावर चिखल काढण्यातच पंधरवडा गेला. मग आठवण झाली विम्याची. कागद सगळे इंग्रजीत. वहिनी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेल्या, पण हिंमत दांडगी. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला आणि सकाळी पाठवूनही दिला. त्यातली इंग्रजी वाक्यं अशी होती : ‘फ्लड केम इन माय हाऊस. बिग प्रॉब्लेम केम. ऑल मशीन्स आर इन प्रॉब्लेम. प्लीज डू द नीडफुल.’

उत्तर आलं दोन ओळींचं. नुकसान कोणत्या प्रकारचं आहे आणि किती आहे, ते स्पष्ट कळवावं.

वहिनींचा मला साताऱ्याला फोन आला. आवाज भरून आलेला. ‘अहो वन्सं, घर पाण्यात गेलं आणि हे विचारतात नुकसान काय! ‘प्रॉब्लेम’ म्हणून दोनदा लिहिलंय की मी!’

हसावं की रडावं, मला कळेना. मी एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. ‘प्रॉब्लेम केम’ हे वाक्य मुलांच्या वहीत मी शेकडो वेळा लाल शाईनं खोडलं असेल. पण मूल असं का लिहितं, याचा विचार कधी केला नव्हता. त्या फोननंतर तो करावा लागला. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्याबद्दलच.

शब्द एकटा येत नाही

आधी आपली मराठीच घेऊ या. अडचण येते. संकट कोसळतं किंवा ओढवतं. प्रश्न पडतो. घोर लागतो. हाल होतात. पैशाची चणचण भासते. महागाईची झळ बसते. दोन्हीकडून ओढाताण होते. दुष्काळ पडतो आणि पूर येतो.

आता या जोड्या जरा मोडून पाहा. ‘मला घोर कोसळला’ किंवा ‘चणचण पडली’ असं तुम्ही कधी म्हणाल का? तुमचं चार वर्षांचं नातवंडसुद्धा हसेल. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. आईच्या, आजीच्या तोंडून ऐकत ऐकत शब्द आणि त्याचं क्रियापद दोन्ही एकदमच आत गेलं. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, तसं घोर म्हटलं की लागणार आणि हाल म्हटले की होणार.

इंग्रजीतही असंच आहे. तिथेही प्रत्येक दुःखाची, प्रत्येक अडचणीची आपापली जोडी ठरलेली आहे. आपली चूक अशी होते की, आपण शब्द तेवढा शिकतो आणि जोडी आपल्या घरची लावतो. अडचण म्हणजे ‘प्रॉब्लेम’, येणे म्हणजे ‘कम’, म्हणून ‘प्रॉब्लेम केम’. दोन्ही शब्द बरोबर, पण जोडी चुकीची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या वेळी वाक्य अख्खंच घोकून घ्यायचे. घोकंपट्टीला आपण नावं ठेवतो, पण त्यात जोडी तरी सुटत नसे.

वाक्यात माणूस कुठे आहे?

‘मला अडचण आली’ या वाक्यात येणारी कोण? अडचण. आणि मी? मी त्या ‘मला’मध्ये कोपऱ्यात उभी. ताप मला येतो, भूक मला लागते, काळजी मला वाटते, त्रास मला होतो. आपल्या भाषेत दुःख चालत येतं आणि आपण ते झेलतो.

इंग्रजी वाक्य बहुतेक वेळा माणसापासून सुरू होतं. ‘आय फेस्ड अ प्रॉब्लेम’, म्हणजे मी अडचणीला तोंड दिलं. ‘आय सफर्ड अ लॉस’, म्हणजे मी नुकसान सोसलं. ‘आय हॅड अ फीव्हर’, म्हणजे मला ताप होता. पहिला शब्द ‘आय’. म्हणून आपलं ‘येणे’ उचलून ‘बिग प्रॉब्लेम केम’ असं लिहिलं की, मराठीतला ‘मला’ गळून पडतो. अडचण आली खरी, पण कुणाला? वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही. वहिनींच्या चार वाक्यांत घर होतं, पूर होता, मशीन होती, पण नुकसान सोसणारी बाई कुठेच नव्हती.

याचा अर्थ इंग्रज शूर आणि आपण दुबळे, असा मुळीच नाही हं! संकटावर मात करणं, अडचणीतून मार्ग काढणं, वेळ निभावून नेणं हे आपलेच शब्द आहेत. आणि माणूस लपवायची सोय इंग्रजीतही आहे. ‘अ प्रॉब्लेम हॅज अरायझन’, म्हणजे ‘अडचण उद्भवली आहे’, असं एखादं कार्यालय कळवतं, तेव्हा ती कुणामुळे उद्भवली हे कळतच नाही. असं वाक्य कानी आलं की शांतपणे एवढंच विचारावं, ‘हू विल सॉल्व्ह इट, अँड बाय व्हेन?’ ती कोण सोडवणार आणि केव्हापर्यंत?

कष्ट करणं वेगळं, कष्ट पडणं वेगळं

‘माझी आई’ या निबंधात एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माय मदर डज हार्डशिप.’ तिला म्हणायचं होतं, माझी आई कष्ट करते. पण ‘हार्डशिप’ कुणी करत नाही. ती भोगावी लागते. आई करते ते ‘हार्ड वर्क’.

आपल्याकडे शब्द एकच, कष्ट. फरक क्रियापदानं कळतो. ‘तिनं कष्ट केले’ यात अभिमान आहे. ‘तिला कष्ट पडले’ यात दुःख आहे. इंग्रजीत दोन्हींना निरनिराळे शब्द आहेत. ‘शी वर्क्ड हार्ड’ हे पहिलं आणि ‘शी सफर्ड हार्डशिप’ किंवा ‘शी एन्ड्युअर्ड हार्डशिप’ हे दुसरं.

त्रासाचंही तसंच. त्रास होणं, त्रास देणं आणि त्रास घेणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे काय आपल्याला सांगायला हवं? झोप लागत नसेल तर ‘आय हॅव ट्रबल स्लीपिंग’. कुणी त्रास देत असेल तर ‘ही कॉजेस ट्रबल’. आणि कुणी आपल्यासाठी मुद्दाम तसदी घेतली तर ‘थँक यू फॉर टेकिंग द ट्रबल’.

आणखी एक बारीक भेद. ‘प्रॉब्लेम’ हा ‘सॉल्व्ह’ होतो, म्हणजे गणितासारखा सुटतो. ‘डिफिकल्टी’ मात्र सुटत नाही, ती ‘ओव्हरकम’ करावी लागते, म्हणजे तिच्यावर मात करावी लागते. नळाला पाणी येत नाही हा ‘प्रॉब्लेम’. प्लंबर आला की सुटेल. चाळिशीनंतर नव्यानं नोकरीला लागताना येते ती ‘डिफिकल्टी’. ती कुणी दुसरा येऊन सोडवत नाही.

‘प्रॉब्लेम’ नावाचं गाठोडं

इंग्रजी राहू द्या, मराठी बोलतानासुद्धा आपण किती वेळा ‘प्रॉब्लेम’ म्हणतो, ते एक दिवस मोजून पाहा. गॅस संपला, प्रॉब्लेम. मुलाला गणितात कमी गुण, प्रॉब्लेम. सासूबाईंचे गुडघे, जावेचं बोलणं, बँकेचा हप्ता, सगळ्याला एकच शब्द. त्याची धाकटी बहीण म्हणजे ‘टेन्शन’. या दोन शब्दांच्या गाठोड्यात आपण घरभरची दुःखं बांधून टाकली आहेत. आत काय आहे ते बाहेरच्याला दिसत नाही आणि हळूहळू आपल्यालाही दिसेनासं होतं.

आणि आपल्या बायकांचा एक जुना रिवाज आहेच. मासिक पाळीला ‘अडचण’ म्हणायचं. आता त्याचंही ‘प्रॉब्लेम’ झालंय. ‘मला प्रॉब्लेम आहे’ म्हटलं की घरात पुढे कुणी काही विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एक ताई वर्षभर असंच म्हणत राहिल्या. महिन्यातले दहा-बारा दिवस त्यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. पण शब्द तोच, ‘थोडा प्रॉब्लेम आहे’. नवऱ्यानं ऐकलं, सासूनं ऐकलं, शेजारणीनं म्हणजे मीही ऐकलं. आम्ही सगळ्यांनी नेहमीची ‘अडचण’ समजून सोडून दिलं. एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त इतकं कमी झालं होतं की बाहेरून चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, ‘किती दिवस आणि किती, हे कुणाला तरी नीट सांगितलं असतंत तर!’

तेव्हापासून मी हा शब्द जपून वापरते. दवाखान्यात तर मुळीच नाही. तिथे किती दिवसांपासून, नेमकं कुठे, कसं आणि किती हे चार प्रश्न आधीच मनाशी ठरवून जावेत. मुलगी पुण्या-बंगळूरला असते, तिच्याकडे गेल्यावर इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांशी गाठ पडते. तिथे कामाला येतील अशा जोड्या अगदी थोड्या आहेत. तीव्र वेदना म्हणजे ‘सिव्हिअर पेन’. आतून ठसठस म्हणजे ‘थ्रॉबिंग पेन’. अंगावरून जास्त जाणं म्हणजे ‘हेवी ब्लीडिंग’. श्वास घ्यायला त्रास म्हणजे ‘डिफिकल्टी इन ब्रीदिंग’. ‘बिग पेन’ आणि ‘मच ब्लीडिंग’ म्हणू नये. समजतं, पण समजायला वेळ लागतो आणि दवाखान्यात वेळ महत्त्वाचा.

माणदेशानं शिकवलेलं

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर-कोयनेचा धो धो पाऊस आणि पूर्वेला माण-खटाव कोरडे ठणठणीत. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात, पलीकडे पोचेपर्यंत त्यांत काही उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई लहान होत्या. आई खडी फोडायला जायची तेव्हा त्या सोबत असत. मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची चव त्या अजून सांगतात. त्या काळच्या सरकारी इंग्रजीत ‘सिव्हिअर ड्रॉट’, म्हणजे तीव्र दुष्काळ, आणि ‘अक्यूट शॉर्टेज ऑफ वॉटर’, म्हणजे पाण्याची तीव्र टंचाई, असे शब्द असायचे. सासूबाई म्हणतात, ‘आम्हाला एकच माहीत. विहिरीनं तळ गाठला.’ अधिकाऱ्याला कळावं म्हणून एक भाषा आणि आपल्याला कळावं म्हणून दुसरी. दोन्ही आपापल्या जागी नेमक्या. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्रात रोजगार हमी योजना रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ‘मदत’ न म्हणता ‘हमी’ म्हटलं, या एका शब्दानं मागणाऱ्याची मान किती ताठ झाली पाहा!

त्याच माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन ती उभी केली. रिझर्व्ह बँकेनं परवान्याचा पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायकांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या खचल्या नाहीत. अक्षरं गिरवायला लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ‘वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. व्याज काढायला सांगा आणि तुमच्या माणसांशी ताडून पाहा,’ असं त्यांचं म्हणणं होतं. परवाना मिळाला.

त्यांनी काही इंग्रजीत भाषण केलं नाही. ‘आमचा मोठा प्रॉब्लेम आहे’ असंही म्हटलं नाही. काय येत नाही, काय येतं आणि काय हवं, या तीनच गोष्टी नेमक्या सांगितल्या. मला वाटतं, भाषा कोणतीही असो, गाऱ्हाणं सांगायची रीत हीच.

हेही लक्षात असू द्या की, सगळीकडे इंग्रजीच हवं असं नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं मराठी ही आपल्या राज्य सरकारची कामकाजाची भाषा आहे. तलाठ्याकडे, तहसील कचेरीत, जिल्हा परिषदेत मराठी अर्ज बिनदिक्कत द्यावा. बँकांनी ग्राहकांसाठीचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत ठेवावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. तेव्हा बँकेत मराठी फॉर्म मागायला संकोच करू नका. जिथे इंग्रजीवाचून चालतच नाही, तिथे मात्र ते नेमकं असू द्या.

वहीत उतरवून ठेवा

किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मावतील एवढ्याच या जोड्या आहेत. शब्द सुटा पाठ करू नका, जोडीनंच करा.

अडचणीला तोंड देणे : फेस अ प्रॉब्लेम
अडचण सोडवणे : सॉल्व्ह अ प्रॉब्लेम
अडचणीवर मात करणे : ओव्हरकम अ डिफिकल्टी
अचानक अडचणीत सापडणे : रन इंटू ट्रबल
नुकसान सोसणे : सफर अ लॉस
मोठं नुकसान : हेवी लॉस (‘बिग लॉस’ बोलण्यात चालेल, अर्जात नको)
आर्थिक ओढाताण : फायनॅन्शियल हार्डशिप
कसाबसा खर्च भागवणे : मेक एंड्स मीट
गैरसोय करणे : कॉज इनकन्व्हीनियन्स
तक्रार करणे : मेक अ कम्प्लेंट (‘डू कम्प्लेंट’ नव्हे)
एखादा प्रश्न सभेत मांडणे : रेज अ‍ॅन इश्यू

रोज दोन जोड्या घ्या आणि त्यांवर आपल्या घरातलं खरं वाक्य बनवा. पुस्तकातलं वाक्य विसरतं, घरातलं विसरत नाही. मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं असेल तर त्यांच्याकडूनच तपासून घ्या. आईची चूक काढायला मिळाली की त्यांचाही अभ्यास होतो!

वहिनींचं दुसरं पत्र

त्या रविवारी मी सांगलीला गेले. ओल्या भिंतीला पाठ लावून आम्ही दोघी बसलो. मी म्हटलं, ‘वहिनी, आधी मराठीत सांगा. काय गेलं, किती गेलं, केव्हा गेलं?’ त्या बोटं मोडत सांगायला लागल्या. दोन शिलाई मशीन, एक पिको-फॉलचं. कापड इतकं. गिऱ्हाइकांचे शिवून ठेवलेले ब्लाउज एकतीस. एकतिसावर आल्यावर मात्र थांबल्या. पूर आल्यापासून त्या पहिल्यांदा रडल्या, तेव्हा. आत्तापर्यंत सगळं ‘प्रॉब्लेम’ होतं. आता त्याला आकडा आला होता.

मग आम्ही लिहिलं : ‘आय सफर्ड अ हेवी लॉस ड्यू टू द फ्लड ऑफ ऑगस्ट २०१९. थ्री मशीन्स वेअर डॅमेज्ड बियाँड रिपेअर.’ म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या पुरामुळे माझं मोठं नुकसान झालं. तीन मशीन दुरुस्तीपलीकडे गेली. त्याखाली यादी, किमती, तारखा, मशीन घेतल्याच्या पावत्या आणि पंचनाम्याची नक्कल. या वेळी उत्तराऐवजी पाहणीला माणूस आला. सगळी रक्कम काही मिळाली नाही. गिऱ्हाइकांचं कापड विम्यात धरलेलंच नव्हतं. पण दोन मशीन पुन्हा उभी राहण्याएवढे पैसे हाती आले. ब्लाउजांचे पैसे वहिनींनी पुढं वर्षभर थोडे थोडे करून स्वतः फेडले.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली, पाणी ५४ फुटांच्या घरात गेलं. मी घाबरून फोन केला. घाईत माझ्याच तोंडून निघालं, ‘वहिनी, काही प्रॉब्लेम नाही ना?’

पलीकडून शांत आवाज आला. ‘अहो वन्सं, प्रॉब्लेम काय म्हणता? नीट विचारा की! पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय. मशीन कालच माडीवर चढवली. गिऱ्हाइकांचं कापडही वर आहे. आम्ही आता निघतोय तुमच्याकडे. पाच जण आहोत. आमटी जरा वाढवून ठेवा.’